न झालेला आजार

"मी यंदा पुण्याला येणार नाहीये," नभा म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. खो-खोच्या सरावाला निघालेली.

ऋतुजाला वाटलं, एखादा सामना आला असेल. "मग पुढच्या आठवड्यात जाऊ. मी फोन करते डॉक्टरांना."

"तसं नाही. येणारच नाहीये. यंदा नाही आणि पुढेही नाही." नभाने दुसऱ्या बुटाची गाठ ओढली. "सोळा पूर्ण झाली मला. आता माझी संमती लागते, डॉक्टरच म्हणाल्या होत्या. मी नाही देणार."

"अगं, पण..."

"आई, मला कधी काही झालंय का? सांग ना. एकदा तरी?"

ऋतुजाकडे उत्तर होतं, पण ते दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. तोवर नभा फाटकाबाहेर पडली होती. जाताना ती उजव्या पायावर जरा जपून भार देत होती. ऋतुजाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

धाराशिवच्या त्या घरात मे महिना म्हणजे पुणे, हे नभाच्या जन्मापासून ठरलेलं होतं. इतर मुलं मामाकडे जायची. नभा एमआरआयच्या नळकांड्यात निजायची. का निजायचं, हे तिला सांगितलेलं होतं, पण बेताबेताने, फार घाबरणार नाही इतकंच.

खरी गोष्ट ऋतुजापासून सुरू होत होती. ती दोन वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिचा फोटो काढला. फ्लॅशच्या उजेडात तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली पांढरी चमकली. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा त्या डोळ्याचं दृष्टिपटल गाठीने भरून गेलं होतं. रेटिनोब्लास्टोमा. पंधरा-वीस हजार मुलांत एखाद्याला होणारा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. उजवा डोळा काढावा लागला. डाव्यातली गाठ लहान होती, ती औषधांनी आणि लेझरने जाळता आली. ऋतुजा एका डोळ्याने शिकली, मोठी झाली, बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सौरपंप दुरुस्त करणाऱ्या तेजसशी तिचं लग्न झालं.

डोळ्यातली गाठ गेली तरी तिचं मूळ अंगातच राहिलं होतं. माणसाच्या प्रत्येक पेशीत एक जनुक असतं, ते पेशीला वाढ कधी थांबवायची हे सांगतं. गाडीच्या ब्रेकसारखं. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम निभावते. ऋतुजा जन्मली तीच अंगातल्या प्रत्येक पेशीत एक ब्रेक निकामी घेऊन. बाळाचं दृष्टिपटल घडताना त्यातल्या पेशी झपाट्याने वाढत असतात. त्या धांदलीत एखाद्या पेशीतला दुसरा ब्रेकही मोडला की तिथे गाठ धरते. अशा माणसाला पुढे हाडात, स्नायूत किंवा कातडीतही गाठ होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो, आणि तो जन्मभर संपत नाही.

नभा पोटात असताना कळलं की तो बिघाड तिच्याकडेही आला आहे. पण एव्हाना जग पुढे गेलं होतं. पुण्याच्या एका रुग्णालयात डॉ. शेहनाज मुजावर यांनी गर्भातल्या बाळाच्या डोळ्यावर उपचार सुरू केले होते. ऋतुजाच्या पोटातून केसाएवढी बारीक सुई बाळाच्या डोळ्यापर्यंत गेली. तिच्यातून सोडले ते निरुपद्रवी करून टाकलेले विषाणू. त्यांनी दृष्टिपटलाच्या पेशींमध्ये शिरून जनुकातली चुकलेली अक्षरं दुरुस्त केली. नभा जन्मली तेव्हा तिचे दोन्ही डोळे आरशासारखे स्वच्छ होते. ते स्वच्छच राहिले.

दुरुस्ती मात्र डोळ्यांपुरतीच होती. हाडं, स्नायू, कातडी, सगळीकडे तो एक ब्रेक निकामीच होता. म्हणून दर वर्षी पुणं. क्ष-किरण शक्यतो नाहीत, कारण त्यांनीच दुसरा ब्रेक मोडू शकतो. त्याऐवजी सगळ्या अंगाचा एमआरआय आणि रक्ताची तपासणी. कुठे गाठ असलीच तर तिच्या मेलेल्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात, आणि नव्या यंत्रांना ते थेंबभर रक्तातही सापडतात.

हे सगळं ऋतुजाला पाठ होतं. आणि हेही, की वाढीच्या वयात हाडाची गाठ बहुतेकदा गुडघ्याजवळ होते.

त्या संध्याकाळी नभा सरावाहून आली ती लंगडतच.

"काय झालं पायाला?"

"काही नाही. मार लागलाय."

"कधी? दाखव. सूज आहे का? रात्री दुखतं का?"

"आई!" नभा पाय मागे घेत म्हणाली. "खो-खो खेळते मी. खांबावर रोज गुडघा आपटतो. अख्ख्या संघाचे गुडघे दुखतात. त्यांच्या आया असं विचारतात का?"

"त्यांची गोष्ट वेगळी आहे."

"माझी काय वेगळी आहे? तुला होता आजार. मला नाही झाला. तुला कळतं का, तू माझ्याकडे बघतेस ना, तेव्हा मला बघतच नसतेस. गाठ शोधत असतेस."

तेजस आतून आला आणि दोघींच्या मध्ये उभा राहिला. नभा खोलीत निघून गेली. तो हळूच म्हणाला, "चार दिवस जाऊ दे. मी बोलतो तिच्याशी."

"चार दिवसांत काय होतं, ठाऊक आहे तुला?"

"आणि जबरदस्ती केली तर काय होईल, ते तुला ठाऊक आहे?"

ऋतुजाने विषय सोडला. पण तिला चैन पडेना. प्रयोगशाळेत सोयाबीनचे दाणे निवडतानाही तिच्या डोळ्यापुढे एक गुडघाच होता.

चार दिवस काही गेले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सूर मारताना नभाचा तोच गुडघा सोलवटला. ती रक्ताळलेला पाय घेऊन घरी आली आणि भांडण विसरून ओसरीवर बसली. "आई, जरा कापूस आण ना."

ऋतुजा आत गेली. कपाटात रुग्णालयाने पाठवलेला घरगुती तपासणीचा संच होता. प्रवास जमला नाही तर बोटाला टोचून रक्त पाठवायचं, यासाठी दिलेला. तिने कापसाबरोबर तोही काढला. आपण हे करणार आहोत असं तिने ठरवलं नव्हतं. हातच करत गेले. घाईत पाकीट फाडताना आतली टोचणी तिच्या अंगठ्यात शिरली. रक्ताचा टिपका आला, तो तिने पदराला पुसला. मग बाहेर येऊन नभाची जखम धुतली, तिच्या रक्ताने भिजलेला एक बोळा मुठीत घेतला, मलम लावलं.

"थँक्यू," नभा म्हणाली. फार दिवसांनी तिचा आवाज मऊ होता.

ऋतुजाने आत जाऊन बोळा नळीत टाकला. नमुन्यात भेसळ झाली तर तो फेकायचा, हे ती वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना शिकवत आली होती. त्या घडीला तिला ते आठवलं नाही. सकाळी संच पुण्याला रवाना झाला.

डॉ. मुजावरांचा फोन आला तेव्हा ऋतुजा प्रयोगशाळेत होती. पडद्यावर त्यांचा चेहरा नेहमीपेक्षा गंभीर दिसत होता. साठी उलटलेल्या, पांढऱ्या केसांच्या डॉक्टर तिला एकेरी हाक मारत. पोरीसारखंच मानत.

"ऋतुजा, हे रक्त नभाने दिलंय का?"

ऋतुजाने हातातला चिमटा खाली ठेवला.

"तिची संमती नोंदलेली नाही. बोटाचा ठसा नाही. मला वाटलं, विसरली असेल."

"तिने नाही दिलं," ऋतुजा म्हणाली. "गुडघा फुटला होता. मी घेतलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मला हा निकाल बघायलाच नको होता. पण बघितला. नमुना चांगला नाही, धागे आहेत, माती आहे. तरी गाठीची खूण सापडलीय. कुठली, कितपत, ते यातून सांगता येणार नाही. नवं रक्त लागेल. तिचं, तिने दिलेलं."

ऋतुजाने टेबलाची कड धरली. "उद्याच घेऊन येते तिला."

"आधी तिला सांग. सगळं सांग, कसं घेतलंस तेही." डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला. "एक सांगू? ज्यांचा डोळा लहानपणीच काढला गेला, ती माणसं दर वर्षी येतात. चाळिशीतली, पन्नाशीतली. आणि ज्यांना आम्ही पोटातच वाचवलं, ती पोरं पंधरा-सोळाची झाली की यायची बंद होतात. त्यांना काही झालेलंच नाही ना. त्यांना आजारातून सोडवलं, पण या येण्याचा अर्थ त्यांना देता आला नाही आम्हाला."

घरी आल्यावर ऋतुजाने नभाला समोर बसवलं. तेजसलाही बोलावलं. कापूस, नळी, फोन, तिने सगळं सांगितलं. सांगताना एकदाही नजर चुकवली नाही.

नभाचा चेहरा आधी कोरा झाला. मग लाल.

"मी तुला कापूस आण म्हटलं," ती म्हणाली. "मी विश्वासाने पाय पुढे केला. आणि तू माझं रक्त चोरलंस."

"हो."

"तुला माहितीये, मी नाही म्हटलं होतं."

"हो, माहीत होतं."

तेजस उठून नभाच्या शेजारी बसला. तिने त्याचा हात झटकला. मग तिनेच विचारलं, आणि या वेळी तिचा आवाज अगदी लहान मुलीचा होता, "खूण म्हणजे... नक्की असते का गं?"

"नक्की नसतं. म्हणून तर परत बघायचं."

"मी येते," नभा म्हणाली. "पण तुझ्यासाठी नाही. आणि गाडीत माझ्याशी बोलू नकोस."

पुण्यापर्यंत तेजसने एकदोनदा गाणी लावली आणि बंद केली.

नभाने स्वतः सही केली, स्वतः हात पुढे केला. एमआरआयला मात्र नकार दिला. "आधी रक्ताचं कळू दे." निकाल यायला दुपार झाली. डॉ. मुजावरांनी तिघांना आत बोलावलं.

"नभा, तुझ्या रक्तात काही नाही. एकही खूण नाही."

तेजसने डोळे मिटले. ऋतुजा खुर्चीत मागे कोसळली. नभाने तिच्याकडे असं पाहिलं की त्यात सुटका होती आणि संतापही. "म्हणजे उगाच?"

"उगाच नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा सूर बदलला नव्हता. "मला हा फरक पटेना, म्हणून जुना नमुना मी पुन्हा नीट तपासून घेतला. त्यात एका माणसाचं रक्त नाहीये. दोघांचं आहे. एक नभाचं. दुसरं तिच्याशी अर्धं जुळतं. आणि गाठीची खूण त्या दुसऱ्या रक्तात आहे."

ऋतुजाने आपला उजवा अंगठा समोर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिली.

"टोचणी लागली होती," ती म्हणाली.

"ऋतुजा, तू स्वतःची तपासणी शेवटची कधी केलीस?"

तिला आठवावं लागलं. नभा पहिलीत असताना बहुतेक. त्यानंतर दर मे महिन्यात एक दिवस असे, आणि तो नभाचा असे. दोघींचं करायचं तर मुक्काम वाढे, रजा वाढे. पुढच्या वर्षी बघू, असं ती दर वर्षी म्हणत आली.

"पाळी कशी आहे?"

"अंगावरून खूप जातं. वर्ष झालं. त्रेचाळीस झाली ना, म्हटलं वयामुळे असेल."

डॉक्टरांनी नव्या तपासण्या लिहायला घेतल्या. तेजस उठून खिडकीशी गेला. "मला का नाही सांगितलंस?" तो काचेकडे बघत म्हणाला. नभा आईच्या अंगठ्याकडे एकटक पाहत होती. तिचा राग कुठे गेला ते तिलाच कळलं नाही. तो गेला असंही नव्हतं. त्याच्यापुढे काहीतरी मोठं येऊन उभं राहिलं होतं.

गाठ गर्भाशयाच्या स्नायूत निघाली. जातीने वाईट, पण अजून बाहेर पसरलेली नव्हती. आणखी वर्षभर तशीच राहिली असती तर करण्यासारखं फार उरलं नसतं, असं डॉक्टरांनी तेजसला बाजूला घेऊन सांगितलं. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली.

त्या सकाळी परिचारिका ट्रे घेऊन आली. "ताई, भूल द्यायच्या आधी कृत्रिम डोळा काढून ठेवावा लागेल."

तेजस खाली औषधं आणायला गेला होता. खोलीत नभा होती. सोळा वर्षांत तिने ते कधीच पाहिलं नव्हतं. ऋतुजा न्हाणीघराची कडी लावून डोळा धुवायची, आणि बाहेर यायची ती नीटनेटकी, हसरी. पोरीच्या मनावर सावली नको म्हणून. नभाला आईचा एक डोळा खोटा आहे हे माहीत होतं, जसं आपल्याला एखाद्या दूरच्या गावाचं नाव माहीत असतं.

"मी बाहेर थांबू का?" नभाने विचारलं.

ऋतुजाच्या जिभेवर नेहमीचा होकार आला होता. तिने तो गिळला. "थांब इथेच. तुला बघवणार असेल तर."

तिने खालची पापणी ओढली, बोटाने कड उचलली आणि डोळा तळहातावर घेतला. मग चेहरा नभाकडे वळवला. पापणी आत बसली होती. मधल्या फटीतून ओलसर, गुलाबी पोकळी दिसत होती.

नभा मागे सरली नाही. पलंगाच्या कडेला बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"दुखायचं का?"

"आठवत नाही. दोन वर्षांची होते. आई सांगायची, मी पट्टी ओढून काढायचे आणि म्हणायचे, दिवा लावा."

नभाच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती ते पुसत नव्हती. "मला हे असं झालं असतं?"

"झालं असतं. कदाचित दोन्हीकडे."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू मोकळी वाढावीस म्हणून," ऋतुजा म्हणाली. "चुकलंच ते. तुला फक्त तपासण्याच दिल्या मी."

परिचारिका दारात आली. नभाने आईच्या तळहातावरचा डोळा दोन बोटांनी उचलला, डबीतल्या पाण्यात सोडला आणि झाकण लावून डबी आपल्या ओढणीत गुंडाळून घेतली. ऋतुजाला परत आणेपर्यंत तिने ती खाली ठेवली नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. कडा स्वच्छ आल्या. तरी औषधांचे काही महिने जाणार होते आणि पुढे काय, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. ऋतुजा घरी आली तेव्हा वाळली होती. तेजसने स्वयंपाकघर हातात घेतलं. नभा जिल्ह्याच्या सामन्यांना गेली नाही. गुडघा अजून दुखतो, एवढंच तिने प्रशिक्षकांना सांगितलं.

टाके भरून आल्यावर पुण्याला दाखवायला जायचं होतं. डॉ. मुजावरांनी ऋतुजाला तपासलं, समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात नभा म्हणाली, "डॉक्टर, आज माझा एमआरआय करता येईल का? पण निकाल मला सांगायचा. आईला आधी नाही. तिला सांगायचं की नाही, ते मी ठरवीन."

डॉक्टरांनी ऋतुजाकडे पाहिलं. "तिचं शरीर आहे," ती म्हणाली.

मग ती आणि तेजस बाहेरच्या बाकावर बसून राहिले. सोळा वर्षांत पहिल्यांदा ऋतुजा यंत्राशेजारच्या त्या काचेच्या खोलीत नव्हती. यंत्राची घरघर भिंतीतून येत होती. तेजसने तिचा हात धरला होता. ती दाराकडे बघत नव्हती, समोरच्या कुंडीकडे बघत होती.

डॉक्टरांकडून निकाल ऐकून नभा बाहेर आली तेव्हा ऋतुजा उठली. ओठांवर आलेला प्रश्न तिने आवरला. त्याला बळ लागलं, ते नभाला दिसलं.

"भूक लागली असेल ना?" ऋतुजाने विचारलं. "सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

"लागलीय." नभा तिच्यापाशी आली. "आई, काही नाहीये. गुडघ्याचं लिगामेंट ताणलंय फक्त. दोन महिने खेळायचं नाही म्हणाल्या."

ऋतुजाने तिला जवळ घेतलं. टाक्यांच्या जागी ताण आला, तरी सोडलं नाही.

निघताना व्हरांड्यात एक जोडपं बसलं होतं. लातूरकडचं असावं. बाईला सहावा-सातवा महिना. नवऱ्याच्या एका डोळ्यात ते न हलणारं तेज होतं, जे नभाला आता लगेच ओळखता येत होतं. बाईने तिला थांबवलं. "ताई, तुमच्यावर पोटात असताना केलं होतं ना? सिस्टर सांगत होत्या. नीट दिसतं ना?"

"सगळं दिसतं," नभा म्हणाली.

बाईचा चेहरा उजळला. "म्हणजे एकदा केलं की झालं."

नभाने आईकडे पाहिलं. मग ती त्या बाईशेजारी बाकावर बसली. "डोळ्यांचं झालं. पण पुढे दर वर्षी यावं लागतं. जन्मभर. लेकराला लहानपणीच सांगा, का आणतो ते. दादांचा डोळाही दाखवा, लपवू नका. आणि दादा, तुम्ही तुमचीही तपासणी करत जा."

तो माणूस खाली बघत होता. त्याने हळूच मान हलवली. बाई मात्र नभाकडेच पाहत होती. पोटावर दोन्ही हात ठेवून तिने विचारलं, "काहीच झालेलं नसताना दर वर्षी इथे आणायचं म्हणजे... लेकराला आमचा राग नाही का येणार?"

"येईल," नभा म्हणाली. "येऊ द्या. पण आणत राहा."